पॉलिफोनी : स्वर अनेक की चाली अनेक?

प्रश्न : आमच्या भजन मंडळानं वर्गणी काढून वडशाहून कीबोर्ड आणला. खोक्यावर छापलंय '६४ पॉलिफोनी'. मंडळातले काका म्हणतात, आत चौसष्ट चाली भरल्यात. मला 'बहुस्वरता' असा अर्थ मिळाला. मग पेटीही बहुस्वरच की! नेमकं काय?

उत्तर : चाली भरलेल्या नाहीत. ६४ म्हणजे एका वेळी वाजत राहू शकणारे जास्तीत जास्त स्वर. बोटं दहाच, पण पायानं पेडल दाबलं की सोडलेल्या पट्ट्यांचा नाद रेंगाळतो, शिवाय तालाची साथ चालू असते. आकडा भरला की यंत्र जुना स्वर गुपचूप सोडून देतं. मोबाइलची 'पॉलिफोनिक रिंगटोन' याच अर्थाची.

संगीतातला अर्थ मात्र वेगळा. शब्द मूळ ग्रीक, 'अनेक आवाज'. दोन-तीन चाली एकाच वेळी चालतात, प्रत्येक स्वतंत्र, तरी एकमेकींत बसणारी. जर्मन संगीतकार बाखच्या (१६८५–१७५०) 'फ्यूग' नावाच्या रचनांमध्ये एक आवाज चाल सुरू करतो, दुसरा मागून तीच वेगळ्या पट्टीत उचलतो, तोवर पहिला पुढे निघालेला असतो. जॉर्जिया देशात तर पंगतीला बसलेली माणसं तीन आवाजांत अशी गातात.

म्हणून 'बहुस्वर' मला पटत नाही. पेटीच्या तीन पट्ट्या एकदम दाबल्या तर स्वर तीन, चाल एकही नाही.

प्रश्न : आणि आमचं खंजिरी भजन? बुवा ओळ म्हणतात, मागचे धरतात.

उत्तर : ते आळीपाळीनं झालं. पेटीवाला बुवांच्या किंचित मागून तीच चाल आपल्या हरकती घालून वाजवतो, ती हेटेरोफोनी : चाल एक, वळणं दोन. पण नीट ऐका. मागच्यांचं धृपद संपायच्या आत बुवा पुढची ओळ उचलतात ना, त्या दोन-चार मात्रांत पॉलिफोनी डोकावून जाते.

प्रश्न : आणखी एक, काकड्याला दोन देवळांचे भोंगे एकदम सुरू होतात, ते?

उत्तर : तो गोंगाट. तिथं एका चालीला दुसरीची खबरच नसते.

'बहुचाली' म्हणावं असं मनात आलं होतं, पण त्यात माणूसच चालू वाटतो. कीबोर्डपुरतं 'बहुस्वर' चालेल. गाण्यासाठी 'चालगुंफण' कसं वाटतं?

प्रश्नकर्ता : काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हन्जे चाली आपल्यालेच बसवा लागतीन."