बंब पेटवणारे मागास कसे? पळाट्या, सरपण आणि गॅस

गोदाकाठ, परभणी
"घरोघरी गॅस पोहोचला तरी मराठवाड्यातल्या अंगणांत आंघोळीचे पाणी तापवणारे बंब धुमसतातच, हा निव्वळ आळस असून ग्रामपंचायतींनी बंबावर बंदी घालावी," असे परवा येथे एकाने मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले. लिहिणाऱ्याच्या न्हाणीघरात गिझर आहे, हे सांगायला ज्योतिषी नको. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली आणि जोडणी आमच्या गल्लीतही आली. प्रश्न टाकी पुन्हा भरून आणण्याचा आहे. हिशेबच मांडतो. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला, वाया जाणारी उष्णता धरून, साधारण ८० ग्रॅम गॅस लागतो. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या धरल्या, तर १४.२ किलोची टाकी नुसत्या आंघोळीत पाच आठवड्यांत संपते. मग स्वयंपाक कशावर करायचा? थंडीच्या त्याच दिवसांत वेचणी संपलेल्या कपाशीच्या पळाट्या आणि तुरीच्या तुराट्या रानात पडून असतात आणि अनेक जण त्या बांधावर नुसत्याच पेटवून देतात. ती आग चालते, पण तीच बंबात घातली की मागासलेपणा ठरतो, हा न्याय मला समजत नाही.

शिक्षिका, औसा
हिशेब चोख आहे, फक्त त्यात धूर धरलेला नाही, आणि पहाटे उठून बंब कोण पेटवते हेही आपण सोयीस्करपणे गाळले आहे. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी बिडीला हात लावला नाही, तरी छातीचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो विडी-काडीचाच. शिवाय आमचा पट्टा सोयाबीनचा. पळाट्या आणायच्या कुठून? सोयाबीनचे भुसकट भुर्रकन जळून जाते, म्हणून बांधावरच्या बाभळीवर कुऱ्हाड पडते, तीही वनक्षेत्र नावापुरतेच उरलेल्या लातूर जिल्ह्यात.

वखारवाला, जालना
बाभळीचे खापर बायकांच्या मोळीवर फोडू नका. मोळीत बहुधा वाळक्या काटक्याच असतात. हिरवी बाभूळ ट्रकने जाते, वीटभट्ट्यांवर आणि ढाब्यांवर, आणि ती अडवायला रस्त्यावर कोणी उभे नसते. आमच्यासारखा परवान्याने धंदा करणारा मात्र कागद दाखवून दाखवून थकतो. असो. मुद्दा ओलाव्याचा आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते आणि त्यातल्या एक लिटर पाण्याची वाफ करण्यातच सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता जाते. तेवढ्यात गोदाकाठ यांची एक बादली तापली असती. गिऱ्हाईक वजनावर घेते, म्हणून विकणारा ओले विकतो, आणि धूर होतो तो त्या ओलाव्याचा. दुसरे म्हणजे, सुताराकडचे प्लायवूडचे आणि सनमायका लावलेले तुकडे फुकट मिळतात म्हणून बंबात घालू नका. त्यातल्या डिंकाचा धूर विषारी असतो.

कापूसवाला, माजलगाव
आपण सगळे धुरावर भांडत आहात आणि खरा उपद्रव घराशेजारी रचून ठेवला आहे. पळाट्यांच्या ढिगातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत पडून राहते आणि पावसाळ्याच्या तोंडाला तिचे पतंग बाहेर पडतात. २०१७ च्या हंगामात आमची कपाशी हातची गेली, आणि माझ्या शेताला लागून शेजाऱ्याचा 'जळणाचा' ढीग जूनपर्यंत उभा होता. त्याला सांगायला गेलो, तर आजतागायत बोलणे बंद आहे. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावर तीच कपाशी राखून पुन्हा पीक, घेऊ नका, पळाट्या रचून ठेवू नका, असे परभणीचे कृषी विद्यापीठ ओरडून सांगते, आणि गोदाकाठ त्याच परभणीत राहून ढिगाचे गोडवे गातात!

गोदाकाठ, परभणी
मी जळणाबद्दल लिहिले, ढिगाबद्दल नाही. बंबात गेलेल्या पळाटीतून पतंग निघाल्याचे आपण पाहिले असेल, तर विद्यापीठाला जरूर कळवा.

कापूसवाला, माजलगाव
वर्षभराचे जळण ढीग न घालता कसे साठवतात, ते आपणच शिकवा. नुकसान आमचे झाले आहे, त्यामुळे आपल्या विनोदाला हसू येत नाही.

काळी माती, अंबाजोगाई
दोघेही जाळण्याच्याच बाजूचे आहात. श्रेडर यंत्राने पळाट्यांची कुट्टी करून जमिनीत गाडा. अळीही मरते आणि सेंद्रिय कर्बही वाढतो. राख शेतात टाकली की पोटॅश मिळतो, असे कोणी म्हणण्याआधीच सांगतो की आपली काळी जमीन मुळातच चुनखडीची आणि विम्लतेकडे, म्हणजे अल्कधर्मी बाजूकडे, झुकलेली आहे. तिला राखेचा आणखी चुना नको.

कापूसवाला, माजलगाव
श्रेडरचे भाडे आपण देणार का? शिवाय कपाशीच्या खोडाची कुट्टी कुजायला वेळ लागतो आणि कुजताना ती जमिनीतले नत्र ओढते, म्हणजे वरून युरियाचा खर्च. त्यापेक्षा कारखाने पांढऱ्या कोळशासाठी, म्हणजे पिकांचे अवशेष दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांसाठी, पळाट्या विकत घेतात, तिथे त्या द्याव्यात. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात अशा जैवभाराच्या कांड्या मिसळाव्यात, असे केंद्राचे धोरण आहे आणि परळीचे केंद्र आपल्याच बीड जिल्ह्यात आहे.

शिक्षिका, औसा
म्हणजे शेतकऱ्याने पळाट्या परळीला द्यायच्या, परळीने वीज करायची, आणि ती वीज पहाटे भारनियमनातून वाचली तर आम्ही तिच्यावर पाणी तापवायचे. योजना सुंदर आहे. वखारवाल्यांचे एक मान्य करते, नाइलाजाने: वाळक्या लाकडाला धूर कमी असतो. पण कमी धूरही ओसरीत कोंडला की छातीतच जातो. बंब परसात, उघड्यावर ठेवा आणि पेटवायला आळीपाळीने पुरुषांनीही उठा. मग बंदीची भाषा मी करणार नाही.

गोदाकाठ, परभणी
परसात तर परसात. आमच्याकडे तो तिथेच आहे, आणि पेटवतो कोण याचे उत्तर मी येथे देणार नाही. कापूसवाल्यांचा मान राखून एवढे मान्य करतो की ढिगातली किडकी बोंडे आधी तोडून जाळावीत आणि मे संपायच्या आत ढीगही संपवावा. उन्हाळ्यात बंब लागत नाही, त्यामुळे उरलेले जळण खुशाल परळीला न्या. ट्रक मात्र आपण पाठवायचा.

कापूसवाला, माजलगाव
मे नव्हे, मार्च. ट्रकचे नंतर पाहू.