मदत हवी आहे: जास्त सोडियमच्या लिग्नाइटमुळे गॅसिफायरच्या बेडमध्ये क्लिंकर

नमस्कार मंडळी,

आमच्या प्रयोगशाळेत १५० मिमी व्यासाचा बबलिंग फ्लुइडाइज्ड बेड गॅसिफायर आहे, म्हणजे खालून सोडलेल्या वायूने उकळल्यासारख्या हलणाऱ्या वाळूत कोळशाचा जळाऊ वायू करणारी भट्टी. बेडला क्वार्ट्झची वाळू, खालून हवा आणि वाफ. राजस्थानातल्या बाडमेरचं लिग्नाइट (तपकिरी कोळसा) घातलं की ८५० अंशांवर दोनेक तास सगळं सुरळीत चालतं आणि मग बेड बसतो.

आधी बेडच्या खालच्या-वरच्या दाबातल्या फरकाची (प्रेशर ड्रॉप) थरथर मंदावते, मग खालच्या-वरच्या थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या) आकड्यांमधला फरक वाढत जातो. तिथून पुढे कितीही हवा वाढवा, बेड उकळत नाही. गार झाल्यावर उघडलं तर हवा सगळीकडे वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटर प्लेटच्या वर, कोळसा पडतो त्या बाजूला, मुठीएवढे गोळे, म्हणजेच क्लिंकर. फोडून भिंगाखाली पाहिले. वाळूचे दाणे शाबूत आहेत, पण चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे काचेच्या पातळ थराने एकमेकांना चिकटलेले.

राख किती तापमानाला वितळते त्याच्या चाचणीचा फ्यूजन रिपोर्ट मात्र म्हणतो की राख ११८० अंशांना मऊ व्हायला लागते. या आकड्यावर विसंबू नये, असं माझं ठाम मत झालंय. चाचणीची राख ८१५ अंशांना जाळून करतात, त्यात थोडं सोडियम उडून जातं. चाचणीत राखेचा शंकू तापवतात, त्याचं टोक वाकायच्या कितीतरी आधी आतला काही भाग वितळलेला असतो. आणि त्या चाचणीत बेडची वाळू नसतेच! सोडियम आणि सिलिका एकत्र आले की ८०० अंशांच्या आसपासच द्रव सुटतो, म्हणून माझा संशय वाळूवरच आहे.

तापमान ७८० वर आणलं की गोळे थांबतात, पण सायक्लोनखालच्या (वायूतली धूळ वेगळी करणाऱ्या भांड्याखालच्या) राखेत कार्बन फार सापडतो. पाण्याने धुतलं तर मिठाच्या रूपातलं सोडियम जातं, सेंद्रिय भागाला बांधलेलं राहतं. शिवाय बाडमेरला धुण्यासाठी पाणी आणायचं कुठून? हा उपाय मला पटत नाही.

उरतं केओलिन, म्हणजे चिनी माती. सोडियम त्यात अडकून नेफेलीन (सोडियम, अ‍ॅल्युमिना आणि सिलिकाचं खनिज) झालं तर ते १५०० अंशांपर्यंत वितळत नाही. पण आमची बारीक पूड वायूबरोबर उडून जाते. कुणी लिग्नाइटमध्ये मिसळून गोळ्या करून घातलंय का? राखेच्या साधारण किती टक्के? वाळूऐवजी अ‍ॅल्युमिना किंवा बॉक्साइटचा बेड घेतला तर केओलिनशिवाय भागतं का?

पऱ्हाट्या, सोयाबीनचं कुटार जाळणारे एफबीसी (फ्लुइडाइज्ड बेडमध्ये जाळणारे) बॉयलर चालवणारे कुणी असतील तर त्यांनीही कृपया लिहावं. तिथे पोटॅशियम असतं, पण दुखणं तेच. बेड मटेरियल किती तासांनी काढून नवं भरता? सलग दिवसभराचा रन मिळाल्याशिवाय या लिग्नाइटबद्दल काही खात्रीने सांगता येणार नाही, म्हणून हे सुटायलाच हवं. राखेचं विश्लेषण आणि थर्मोकपलचे आलेख मागितलेत तर लगेच देते.