वर्गात खेळ घेतला की पोरं खूश, पण शिकतात का?

सातवीच्या बाई:
मालवणजवळची शाळा, सातवीचा पट २३. प्रशिक्षणात सांगितलं खेळातून शिकवा, म्हणून प्रोजेक्टरवर क्विझ लावली तर पोरं नुसती किंचाळत होती, बाजूच्या वर्गाचे सर दारात येऊन उभे. दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न वहीत दिले तर निम्म्यांना येईनात. मग काल झालं काय नेमकं? कोणी हे नीट करतं का? लाईटचं तर माहितीच आहे, पाऊस लागला की गेली.

देवगडकर:
क्विझमध्ये वेगाला मार्क असतात बाई, तेच चार जण जिंकतात, बाकीचे अंदाजपंचे बटण दाबतात. विजेच्या धड्याला कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' बघा, संगणकावर प्रयोग करून बघायचं, फुकट आहे, नोबेलवाले कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं. फाईल एकदा उतरवून ठेवली की नेट लागत नाही. त्यात शॉर्टसर्किट केलं की बॅटरीतून जाळ निघतो, पोरं मुद्दाम पाच वेळा करतात, करू द्यावं. पण नंतर खरा सेल नि खरा बल्ब हातात द्याच.

वेंगुर्ल्याचा मास्तर:
लाईट नको, नेट नको, काजूच्या बिया आणा. धान्य पाखडायचं एक सूप म्हणजे समुद्र, त्यात २० बिया, भोवती चार पोरं म्हणजे चार बोटी. फेरीला प्रत्येकाने हव्या तेवढ्या घ्यायच्या, उरतील त्या दुप्पट करायच्या पण २० च्या वर नाही. बोलायचं नाही. पहिल्यांदा दोन फेऱ्यांत सूप साफ होतं, आमच्याकडे तर पहिल्याच फेरीत झालं. मग बोलायला परवानगी द्यायची आणि गप्प बसायचं (हेच मला जमत नव्हतं). पोरं वहीत हिशोब मांडतात, दोन-दोन घेतल्या तर समुद्र कायम भरलेला, तीन-तीन घेतल्या तर आठ उरल्या, सोळा झाल्या, मग चार उरल्या, आठ झाल्या, आणि तिसऱ्या फेरीला चार बोटींना पुरतच नाहीत. आमच्यात रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) जाणाऱ्या घरातला एक मुलगा आहे, वर्गात कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "सगळेच मारल्यात तर फुडल्या वर्साक काय रवतला?" तिथून १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी मला शिकवावीच लागली नाही. खेळ १५ मिनिटं, बोलणं २५. तुमच्या क्विझमध्ये हे बोलणंच राहिलं बघा.

कणकवली_९८:
आणि पोर्शन कधी संपवायचा? वर्षाला दोन-तीन वेळा ठीक, रोज नको.

वेंगुर्ल्याचा मास्तर:
रोज कोण सांगतंय. बिया पण पुरायच्या नाहीत, भाजून खातात.

सातवीच्या बाई:
आज घेतला. एका गटाने पहिल्या फेरीत समुद्र संपवला आणि वर सूप लपवलं. दुसरे शहाणे निघाले, आपणहून नियम केला, तिसरी बी उचलली की एक फेरी बोट बंदरात. पण शेवटी एकाने विचारलं, बाई, रात्री एलईडीचा उजेड मारून मासे गोळा करणारी बोट पण घेऊया ना, तिला एका फेरीत आठ. काय सांगू त्याला?

वेंगुर्ल्याचा मास्तर:
घ्या की. फक्त गस्तीला कोणाला बसवायचं ते पोरांनाच ठरवू द्या, आणि ती आठ बिया घेणारी बोट त्यालाच देऊ नका.