शब्दचर्चा : ‘ओरिजिनल’ रेकॉर्डिंग म्हणजे कुठलं? (संग्राहकांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खर्ज
शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांची देवघेव होते तेव्हा यादीत ‘ओरिजिनल’, ‘मास्टर’, ‘मूळ प्रत’, ‘फर्स्ट कॉपी’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. एकाच मैफलीच्या दोन फाइली, दोन्हींवर ‘ओरिजिनल’; एक काळी एक या पट्टीत (पेटीवरच्या, म्हणजे हार्मोनियमवरच्या, त्या सुरात) वाजते आणि दुसरी काळी एक व तिच्या शेजारची पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी. यासाठी मराठीत नेमके शब्द ठरवता येतील का? आणि अशा फरकाला ‘पाठभेद’ म्हटलं तर चालेल का?

लाखेची तबकडी
इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत, शब्दही तीन हवेत. मैफल (जे गायलं गेलं), मुद्रण (जे यंत्रावर घेतलं गेलं) आणि प्रत (त्या मुद्रणावरून काढलेली नक्कल). एका मैफलीची दोन मुद्रणं असू शकतात: एक मिक्सरमधून वायर घेऊन केलेलं, दुसरं तिसऱ्या रांगेत मांडीवर टेप ठेवून. पहिल्यात गळा आणि तबला कोरडे, जवळ. दुसऱ्यात सभागृहाचा घुमारा आणि शेजाऱ्याची ‘वाहवा’ गायकापेक्षा मोठी. ही दोन एकमेकांच्या प्रती नव्हेत. ‘ओरिजिनल’ कशाला म्हणायचं, तर कुठलंही विशेषण न लावता फक्त त्या पहिल्या टेपला किंवा तबकडीला. तिच्यावरून निघालेली फाइल कितीही स्वच्छ असली तरी ती प्रतच.

‘पाठभेद’ मी बंदिशीसाठी राखून ठेवीन. एकच चीज (बंदिश) दोन घराण्यांत वेगळ्या शब्दांनी किंवा वेगळ्या समेने (तालाच्या पहिल्या मात्रेने) येते, तो पाठभेद. प्रती वेगळ्या वेगाने वाजतात, हा यंत्राचा दोष आहे.

कोमल गांधार
पोथ्यांच्या अभ्यासातला शब्द नको, पण पद्धत घ्या. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती (काम १९१९ ते १९६६) झाली, तिथे दोन पोथ्यांत एकच चूक दिसली की दोन्हींचं मूळ एक असावं असा माग काढतात. ध्वनिमुद्रणात हे जास्त सोपं आहे. बड्या ख्यालात बाराव्या मिनिटाला आवाज क्षणभर बुडतो आणि दोन्ही फाइलींत त्याच अक्षरावर बुडतो, म्हणजे दोन्ही एकाच टेपच्या लेकी. एकीत बुडतो आणि दुसरीत नाही, तर दुसरी त्या टेपच्या वरच्या पायरीवरून आली आहे, किंवा मुद्रणच वेगळं आहे.

जाता जाता व्याकरण. बोलण्यात हा फरक आपण लिंगाने करतोच. ‘ती रेकॉर्ड’ म्हणजे तबकडी, ‘ते रेकॉर्डिंग’ म्हणजे मुद्रण. ‘टेप लावला’ म्हणजे यंत्र, ‘टेप तुटली’ म्हणजे फीत. ‘ध्वनिमुद्रिका’ मात्र हल्ली कशालाही लावतात. तो शब्द तबकडीपुरता ठेवावा.

स्पूलवाला
क्रियापदांकडेही बघा. ‘कॅसेट भरून घेणे’ हे दुकानातलं मराठी, म्हणजे नक्कल करणे. ‘उतरवून घेणे’ याचे मात्र तीन अर्थ होतात: टेपवर नक्कल करणे, बंदिशीचे बोल ऐकून लिहून काढणे, आणि ‘पट्टी उतरवली’ मधलं उतरवणे. ‘ही फाइल उतरवलेली आहे’ असं कोणी लिहिलं की विचारावंच लागतं. नकलेसाठी ‘भरणे’ वापरावं, असं माझं मत.

‘पिढी’ हा शब्दही फसवा आहे. काहीजण मूळ टेपला पहिली पिढी धरतात, काहीजण तिच्या पहिल्या नकलेला. आकडा लिहूच नये, वाट लिहावी: ‘स्पूल (चाकावरची उघडी फीत), त्यावरून कॅसेट, त्यावरून फाइल’. फाइलीची फाइल केली तर वाट लांबत नाही. पण मध्येच एमपीथ्री (आवाजातला काही भाग टाकून आकार लहान करणारी फाइल) झाली असेल तर ते लिहायलाच हवं. एमपीथ्रीचं पुन्हा फ्लॅक (काहीही न टाकणारी फाइल) केल्याने गेलेलं परत येत नाही, फक्त आकार वाढतो.

खर्ज
मग माझ्या त्या दोन फाइलींतली खरी पट्टी कुठली, हे कसं ठरवायचं?

स्पूलवाला
आधी लांबी मोजा. दोन्हींत सहज सापडणाऱ्या दोन जागा घ्या, उदाहरणार्थ ख्यालाची पहिली सम आणि द्रुत बंदिशीची पहिली सम. एका फाइलीत हे अंतर ३० मिनिटं आणि दुसरीत २९ मिनिटं १० सेकंद आलं, तर वेगात सुमारे २.९ टक्के फरक आहे. शेजारच्या पट्टीवर जायला सुमारे ६ टक्के लागतात, म्हणजे इथे अर्ध्या पट्टीचा फरक पडतो. आता मधल्या आणखी दोन-तीन जागा तपासा. प्रमाण सगळीकडे तेच राहिलं तर वेगाचा मामला. एका ठिकाणापर्यंत जुळतं आणि पुढे एकदम सरकतं, तर तिथे तुकडा गळला आहे. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे ही गळती बहुधा ऐन रंगात आलेल्या ख्यालात सापडते.

कुठली फाइल बरोबर हे ठरवायला विजेची गुणगुण (विजेच्या पुरवठ्यामुळे मुद्रणात घुसणारा मंद, सलग आवाज) बघा. आपल्याकडे ती ५० हर्ट्झला हवी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारतेला किती आवाज आहे याचा आलेख) काढताना साइज ६५,५३६ ठेवली तरी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या फाइलीत आलेखाचं एक घर ०.६७ हर्ट्झचं पडतं, म्हणून गुणगुणीच्या तिपटीचा, १५० हर्ट्झजवळचा उंचवटा वाचून तीनने भागा. ५१.५ आलं तर टेप ३ टक्के जलद वाजली आहे, वेग ९७.१ टक्के करा. वेगच बदलायचा, नुसती पिच (सुराची उंची) नव्हे. नुसती पिच उतरवली तर सूर जागेवर येतो, पण लय चढीच राहते आणि तानांचा दाणा बिघडतो.

लोक फसतात ते यापुढे. ती गुणगुण मूळ मुद्रणातली आहे की कॅसेट भरताना घुसलेली? जवळजवळ दोन उंचवटे दिसले, समजा ५० आणि ५१.५, तर ५० चा नकलेच्या वेळचा आणि ५१.५ चा आधीचा असण्याची शक्यता जास्त. शिवाय पूर्वी विजेची वारंवारता ५० वर ठाम नसे, आणि बॅटरीवरच्या टेपमध्ये गुणगुणच नसते. म्हणून हा पुरावा एकटा पुरत नाही. त्याच गायकाच्या त्याच काळातल्या दोन-तीन खात्रीच्या मुद्रणांची पट्टी जोडीला बघा. पेटीवर विसंबू नका; जुन्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाणाला लावलेल्या असतीलच असं नाही.

लाखेची तबकडी
मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या तबकड्यांत गुणगुणीचा उपयोग नाही, निदान १९२५ पूर्वीच्या. ती मुद्रणं कर्ण्यातून, विजेशिवाय झालेली. आणि ‘७८’ हे नाव आहे, वेग नव्हे: सुरुवातीच्या तबकड्या मिनिटाला सत्तरहून थोड्या जास्त फेऱ्यांपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठेही असतात. ७६ ला घेतलेली ७८ ला लावली की पट्टी जवळजवळ अर्धी चढते. इथे उपयोगी पडते शेवटची घोषणा. सुरुवातीच्या तबकड्या गाणाऱ्या गौहरजानच्या १९०२ च्या काळापासून कित्येक तबकड्यांच्या अखेरीस गाणारी व्यक्ती स्वतःचं नाव सांगते. तबकडी जलद वाजली की आवाज कोवळा होतो; गाण्यात हा कोवळेपणा खपून जातो, बोलण्यात लगेच खटकतो.

ओळख पटवताना लेबलवरच्या कॅटलॉग नंबरासोबत लेबलाभोवती लाखेत कोरलेला मॅट्रिक्स नंबरही टिपून ठेवा. कॅटलॉग नंबर विक्रीच्या मालाचा असतो, मॅट्रिक्स नंबर मुद्रणाचा.

कोमल गांधार
‘साफ केलेली’ हा आणखी एक संशयास्पद शब्द. काय साफ केलं? टिकटिक काढणं आणि सूऽ असा आवाज दाबणं ही वेगळी कामं आहेत. टिकटिक काढून फारसं बिघडत नाही. दुसऱ्यात आधी तंबोऱ्याची जवारी (तारांचा झंकार) मरते, मग तबल्याची चाट (काठावरचा आघात), मग मींडेचं (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं) शेपूट तुटतं. दोन प्रती ताडताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, नाहीतर मोठी वाजणारी चांगली वाटते. मग गळा थांबलेली जागा पकडा: तिथे तंबोरा चालू आहे की नुसती पोकळी आहे?

खर्ज
आणि तारीख? यादीत नुसतंच साल असतं.

लाखेची तबकडी
मैफलीची तारीख आणि प्रसारणाची तारीख वेगळी लिहा. आकाशवाणी संगीत संमेलनाच्या मैफली श्रोत्यांसमोर होत आणि प्रसारण नंतर होई. रेडिओवरून टेप करणाऱ्याने कॅसेटवर ऐकल्याचा दिवस लिहिला, की एकाच गाण्याच्या दोन मैफली तयार होतात.

स्पूलवाला
‘दुर्मिळ’ वर बंदी घाला, तो सगळ्यांवरच असतो. ज्यांचं एकही मुद्रण आज ज्ञात नाही त्या गायक भास्करबुवा बखल्यांचं काही सापडलं तर जरूर लिहा. बाकी ‘अप्रकाशित’ किंवा ‘खासगी मैफल’ म्हणा, त्यातून निदान काहीतरी कळतं.

खर्ज
म्हणजे यादीतली ओळ अशी: गायक, राग, बंदिशीचं तोंड, मैफलीची तारीख व ठिकाण, मुद्रण कशावर, तिथून आपल्यापर्यंतची वाट, वेग बदलला असल्यास किती टक्के. ‘ओरिजिनल’ हा रकाना काढून टाकतो.

कोमल गांधार
‘वेग बदलला’ याच्यापुढे ‘कशावरून’ हेही लिहा. आणि न बदललेली फाइल खोडू नका.