जुना पीएचपी प्रोजेक्ट डॉकरमध्ये हलवतोय, डेटाबेसच लागंना

चादरवाला_डेव्ह:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑर्डर-डिस्पॅचचं ॲप बघतो मी. पीएचपी ७.४ मधे लिहिलेलं, डेटाबेस मायएसक्यूएल, डिझाइनचे फोटो अपलोड फोल्डरमधे. नवीन पोरगं कामाला आलं की त्याच्या लॅपटॉपवर सगळं बसवण्यातच दोन दिवस जातात म्हणून म्हटलं डॉकर करून टाकू एकदाचं, म्हणजे ॲप अन् त्याला लागणारं सगळं एका बंद डब्यात (कंटेनरमधे) घालून कुठंही चालवता येईल. कंटेनर उठला पण कनेक्शन रिफ्यूज्ड. डेटाबेसचा होस्ट (पत्ता) १२७.०.०.१ दिलाय, जुन्या सर्व्हरवर तेच चालतंय की. आणि जाता जाता पीएचपी ८ पण करून घेऊ का?

टर्मिनल_तात्या:
अरे कंटेनरच्या आत १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनरच, तिथं मायएसक्यूएल कुठून येणार? कंपोज फाइलमधे (कुठले कंटेनर एकत्र चालवायचे ते जिथं लिहितो) डेटाबेसच्या सर्व्हिसला जे नाव दिलंस तेच होस्टला टाक. अन् ॲपला डेटाबेसवर 'डिपेंड्स ऑन' नुसतं लिहिलं तर तो फक्त कंटेनर सुरू व्हायची वाट बघतो, मायएसक्यूएल तयार व्हायची नाही, म्हणून हेल्थचेक (डेटाबेस खरंच तयार आहे का ते तपासणं) लाव. पीएचपी ८ आत्ता नको. ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ लाच संपलाय, जायचं तर आहेच, पण दोन्ही एकदम केलंस तर मोडलं कशानं ते कळणार नाही.

शेंगाचटणी:
फोटोंचं आधी बघ भावा. मी अपलोड फोल्डर व्हॉल्यूमवर (कंटेनर गेला तरी टिकणाऱ्या साठ्यावर) ठेवलाच नव्हता, नवी इमेज (कंटेनर ज्यापासून बनतो तो साचा) टाकून कंटेनर परत बनवला आणि तीन आठवड्यांचे फोटो गेले, ते पण गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत, मालकाचा फोन आला तेव्हा मी एका बटाटेवड्याच्या गाड्यावर उभा होतो 😅. डेटाबेसला पण व्हॉल्यूम पाहिजे, आणि कंटेनर बंद करायच्या 'डाऊन' कमांडला मायनस व्ही लावू नको, व्हॉल्यूम पण उडतात.

चादरवाला_डेव्ह:
कनेक्ट झालं तात्या! पण आता मोठे फोटो चढत नाहीत आणि पहाटेच्या पाळीच्या चलनावर कालची तारीख येतीय??

टर्मिनल_तात्या:
पीएचपीच्या ऑफिशियल इमेजमधे पीएचपी डॉट आयएनआय (पीएचपीच्या सेटिंगची फाइल) नसतेच. म्हणून अपलोड २ एमबीला अडकतंय अन् टाइमझोन यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. जुन्या सर्व्हरवरची फाइल काढून बघ, कुणीतरी कधीतरी बदललेलं सगळं त्यातच असणार.

शेंगाचटणी:
चलन मराठीत असेल तर पीडीएफ पण काढून बघ, माझ्याकडं नुसते चौकोन आले होते, इमेजमधे देवनागरी फॉन्टच नव्हता.

चादरवाला_डेव्ह:
चौकोनच आलेत 🤦 नोटो फॉन्ट टाकतो.