अनुभव धागा: जुनी माउंटन सायकल पुन्हा रस्त्यावर आणताना

रामबागवाला
परवा पहाटे आपल्या इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर सायकलवाल्यांच्या घोळक्यात एक काका स्टीलच्या फ्रेमची जुनी माउंटन बाइक दामटत होते, ते बघून मला एकदम पातालपाणीचा धबधबा आठवला. कॉलेजात असताना मीटर गेजच्या रुळांच्या बाजूने आम्ही तिथवर जायचो, माझी स्पेशलाइज्ड कंपनीची रॉकहॉपर माउंटन बाइक, मोठ्या काकांनी अमेरिकेहून परतताना आणलेली. अजून माझ्याकडेच आहे. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची) फ्रेम, कँटिलिव्हर ब्रेक (रिमला दाबणारे, जुन्या धाटणीचे), अंगठ्याने ढकलायचे गिअर. आता उघडायला घेतलीय आणि सीटपोस्ट (सीटखालची नळी) जाम! अॅल्युमिनियमची नळी स्टीलच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं बसली की आत पांढरी भुकटी धरते आणि दोन्ही एकजीव होतात. वरून रोज थोडं तेल सोडत राहिलो, मग सीटपोस्टचं डोकं व्हाइसमध्ये आवळलं आणि अख्खी फ्रेमच हँडलसारखी फिरवली. आधी काहीच नाही, मग कर्रर्र करून केसभर हलली. शेजारचे काका गॅलरीतून ओरडले, "अरे, मोडली का?" मी म्हटलं सुटली!!
तुमच्याकडे अशी कोणाची आहे का? रंग नवा करायचा की तसाच ठेवायचा? मी तर ठेवणार.

तिखटशेव
ठेवाच. टॉप ट्यूबवरचे ओरखडे म्हणजे तुमच्या पोरवयाची डायरी. फक्त गंज खरवडून तिथेच क्लिअर लॅकर मारा.

चाकावरची
माझी हिरो रेंजर, दादाकडून आली, गिअर नाहीत काही नाहीत पण सिमरोल घाट तिच्यावरच चढलेय. टायर बदलताना एक लक्षात ठेवा, सगळे 26 इंची सारखे नसतात हं. 26 बाय 1.95 वाला 559 मिमीच्या रिमवर बसतो आणि 26 बाय 1 3/8 वाला 590 च्या. दुकानदार २६ म्हटलं की हातात येईल ते देतो, म्हणून जुन्या टायरच्या कडेला काय छापलंय ते वाचूनच घ्यावं

कुकर लावलाय, येते परत

मिस्त्रीकाका
बेटा, खालचे बॉटम ब्रॅकेटचे (पॅडलचा दांडा फिरतो त्या जागेचे) छर्रे तपासलेस का? उजवीकडची कटोरी बहुतेक उलट्या आट्याची असते, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटते. लोक जोर लावून उलट आवळतात आणि मग रडतात. डाव्या पॅडलचंही तसंच. छर्रे नवेच टाक, जुने स्वस्तात वाचवू नकोस. ग्रीस भरपूर.

रामबागवाला
काका, आजच काढले, अर्धे काळे पडलेत, एकावर तर चक्क खड्डा. नवे सियागंजातून आणले.

दालबाफला
माउंटन बाइक सुरू कुठे झाली माहितीये का, कॅलिफोर्नियातल्या माउंट तामाल्पाइसवर, ७० च्या दशकात. जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन पोरं उतारावरून सुटायची, मागच्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली पोचल्यावर पुन्हा भरावं लागायचं. 1981 मध्ये स्पेशलाइज्डची स्टंपजंपर आली, ही कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली. तुमची त्याच घरातली. जपा.

चाकावरची
कुकर झाला 😄 ब्रेक बदलणार असाल तर व्ही-ब्रेक आणि कँटिलिव्हरचे लिव्हर वेगळे असतात, व्ही-ब्रेकला केबल जास्त खेचावी लागते. जुन्या लिव्हरवर व्ही लावला तर मूठ पार दाबूनही नीट पकडत नाही.

पोहेप्रेमी
मी सायकल कधीच दुरुस्त केली नाही पण बाबांची हर्क्युलस होती, मल्हारगंजातून राजवाड्यापर्यंत मला पुढच्या दांड्यावर बसवून न्यायचे, पाय बधीर व्हायचे पण उतरावंसं वाटायचं नाही. बाबा गेले, सायकल भंगारात दिली आईने, मला न विचारता. तुम्ही लोकं जपताय, फार बरं वाटलं.

तिखटशेव
@पोहेप्रेमी आई गं. डोळ्यात पाणी आणलंत.

मिस्त्रीकाका
पोहेप्रेमी, हर्क्युलस जुन्या अजून मिळतात, महूकडच्या गावांत पुष्कळ पडून आहेत. घे एखादी, मी लावून देतो.

पोहेप्रेमी
काका खरंच? रविवारी फोन करू?

मिस्त्रीकाका
रविवारी नको, नातीचं बारसं आहे. सोमवारी कर.

चाकावरची
अभिनंदन काका!! नाव काय ठेवणार?