ऑस्टिओटोम म्हणजे करवत नव्हे

हाडवैद्य:
काल इथेच एका सदस्याने आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल लिहिताना "ऑस्टिओटोम म्हणजे हाड कापायची करवत" असं ठोकून दिलं आणि खाली 'छान माहिती'ची रांग लागली. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा. ऑस्टिओटोमला दाते नसतात हो! सपाट पातं, पुढे धार, मागून हातोडी. धारेला दोन्ही अंगांनी उतार, म्हणजे पाचरच. चिझल हे हाडावर ठोकायचं तसंच दुसरं हत्यार, पण तिला उतार एकाच अंगाला. त्यामुळे ठोकताना चिझल सपाट बाजूकडे सरकते, ऑस्टिओटोम सरळ घुसतो. एकाच्या जागी दुसरं हातात आलं तर काप भलतीकडे जातो. ग्रीक ऑस्टिऑन म्हणजे हाड, टोम म्हणजे कापणं. नावात करवत कुठे आली?

भटक्या७७:
तो सदस्य मीच. इतकं रागवायचं कारण कळलं नाही. जर्मनीत वुर्झबर्गच्या बर्नहार्ड हाइनेने १८३० च्या सुमारास जे हत्यार केलं त्याचं नावही ऑस्टिओटोमच. दांडा फिरवला की दात्यांची साखळी फिरायची. ती करवत नाही तर काय?

हाडवैद्य:
बरं, १८३० पुरतं तुमचं खरं. पण पुढे ग्लासगोचे सर्जन मॅकएवेन यांनी मुडदुसाने वाकलेले पाय सरळ केले ते दोन्ही अंगांनी उतार दिलेल्या पात्याने, आणि आज ट्रेमध्ये असतं तेही तसलंच. तुमच्या आईचं ऑपरेशन १८३० साली झालं नाही.

सुताराचा नातू:
डॉक्टर, तुम्ही इंग्रजीत सांगताय तो फरक मराठीत आधीपासून आहे. आजोबांच्या पेटीत पटाशी असायची. एका बाजूने घासलेली, पाठ आरशासारखी सपाट. सहाणेवर पाठ जरा उचलली तरी हातावर फटका बसायचा. पाथरवटाची छिन्नी मात्र दोन्हीकडून उतरती. म्हणजे तुमची चिझल ती पटाशी आणि ऑस्टिओटोम ती छिन्नी. गोल तोंडाची पटाशी तुमच्याकडे गाउज झाली असणार.

शब्दवेल्हाळ:
पटाशी-छिन्नी सुतार-गवंड्यांकडे ठीक. वैद्यकाला भारदस्त परिभाषा हवी. 'अस्थिछेदक' हा नेमका शब्द असताना छिन्नी ऐकवून पेशंटला घाबरवायचं कशाला?

सुताराचा नातू:
सुतार-गवंड्यांकडे ठीक म्हणजे काय? जरा जपून. आणि अस्थिछेदक नेमका कसा? करवतही अस्थी छेदते, ड्रिलही छेदतं.

शब्दवेल्हाळ:
जात काढल्यासारखं बोलू नका, मी हत्यारांबद्दल बोलतोय. आपली परंपरा संस्कृत परिभाषेची आहे. सुश्रुत वाचा.

ओटी सिस्टर:
वाचलाय, म्हणून सांगते. सुश्रुताच्या वीस शस्त्रांत करपत्र आहे, तीच आपली करवत. कुठारिका म्हणजे छोटी कुऱ्हाड, व्रीहिमुख म्हणजे भाताच्या दाण्यासारखं टोक. घरातली, शेतातली नावं उचलली त्यांनी, भारदस्तपणा शोधला नाही.

आणि घाबरण्याचं म्हणाल तर ऐका. मी होते तिथे संमतीपत्रावर 'अस्थिछेदन' छापलेलं होतं. नऊ वर्षांचा मुलगा, पाय धनुष्यासारखे वाकलेले. आईने तो शब्द कुणाकडून तरी वाचून घेतला आणि पोराला उचलून थेट जिन्याकडे निघाली. पाय तोडणार असं वाटलं तिला. मी पायरीवर बसून खडूच्या कांडीला मधे खाच पाडून दाखवली, वाकवली. "हाड इथे छिन्नीने कापायचं, सरळ बसवायचं, मग प्लास्टर. पाय जागेवरच राहणार, ताई." तेव्हा अंगठा दिला. तो शब्द लिहिणाऱ्याला त्या जिन्यावर उभं करायला हवं होतं.

शब्दवेल्हाळ:
एका अनुभवावरून परिभाषा ठरत नाही. तरी संमतीपत्रावर सोपा शब्द हवा, एवढं मान्य. पाठ्यपुस्तकात अस्थिछेदकच राहील.

हाडवैद्य:
सिस्टर, नवे रेसिडेंट डॉक्टर ऑस्टिओटोम आणि चिझल दोन्हीला सरसकट 'चिझल' म्हणतात, त्याचं काय करायचं?

ओटी सिस्टर:
मी दोन्ही हातात देते, धार उजेडाकडे धरायला लावते. एकीकडून उतार दिसला तर पटाशी, दोन्हीकडून तर छिन्नी. पुन्हा चुकत नाहीत.

भटक्या७७:
माझ्या धाग्यात 'करवत' काढून 'छिन्नी' केलंय. हाइनेचं वाक्य ठेवलंय आणि ते काढणार नाही.